सही आपली, अटी त्यांच्या : मग सार्वभौमत्व म्हणजे नक्की काय?

प्रश्न : देवगडची विद्यार्थिनी

नमस्कार. मी राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. वडिलांची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे आणि मामांचा मालवणात ट्रॉलर आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात सार्वभौमत्वाची लक्षणे सांगितली आहेत ती अशी की, ते निरंकुश आणि अविभाज्य असते, त्याचे हस्तांतर होत नाही आणि राज्याच्या सीमेत त्याच्या वर दुसरी कोणतीही सत्ता नसते. परीक्षेपुरते हे पाठ होते. परंतु सुट्टीत घरी आल्यावर या व्याख्येचा एकेक टाका उसवू लागतो.

मामा सांगतात की, समुद्रात धरलेली आपली कोळंबी अमेरिका घेत नाही, कारण आपल्या ट्रॉलच्या जाळ्यांत कासवाला सुटून जाण्यासाठी लागणारी सळ्यांची चौकट, म्हणजे ‘टेड’, बसवलेली नसते. मालवणच्या समुद्रात कोणते जाळे ओढावे हे जर वॉशिंग्टनमधील कायदा ठरवत असेल, तर तिथे सार्वभौम कोण? बागेतला आंबा अमेरिकेला पाठवायचा तर तो आधी विकिरण केंद्रात न्यावा लागतो आणि तिथे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या निरीक्षकाने मान्यता दिल्याशिवाय पेटी पुढे सरकत नाही. आत्या गुहागरला असते; तिच्याकडे गेले की एन्रॉनचा, म्हणजे दाभोळचा वीज प्रकल्प उभारणाऱ्या अमेरिकी कंपनीचा, विषय निघतोच, आणि सरकारने स्वतः रद्द केलेला करार त्याच सरकारला काही महिन्यांत पुन्हा का करावा लागला, याचे उत्तर घरातल्या कोणालाच धड देता येत नाही.

माझा प्रश्न असा आहे की, जागतिकीकरणामुळे राज्याचे सार्वभौमत्व घटले असे म्हणावे, की व्याख्येत सांगितले तसे ते कधी नव्हतेच? ‘जग आता एक खेडे झाले आहे’ या धर्तीची उत्तरे वर्गात पुष्कळ ऐकली आहेत. उदाहरणे तपासून कोणी लिहिल्यास आभारी होईन.

उत्तर : रत्नागिरी, निवृत्त प्राध्यापक

आपली तीन उदाहरणे दिसायला सारखी असली तरी जातीने निराळी आहेत, आणि ती एकाच दावणीला बांधल्यामुळे गोंधळ होतो.

कोळंबी आणि आंबा यांच्या बाबतीत अमेरिकेने आपल्या समुद्रात किंवा बागेत हुकूम चालवलेला नाही. स्वतःच्या दारातून कोणता माल आत घ्यायचा, एवढेच तिने ठरवले आहे. टेड न लावता कोळंबी धरली म्हणून आपल्या मामांना कोणताही अमेरिकी अधिकारी दंड करू शकत नाही आणि तीच कोळंबी त्यांना मुंबईत विकता येते. आपणही असेच वागतो. परदेशी फळांबरोबर वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र नसेल तर आपले बंदर ती आत घेत नाही. ज्याची बाजारपेठ मोठी त्याचे दार जड, हे खरे आहे, परंतु तो सामर्थ्याचा फरक झाला. पाठ्यपुस्तकातील व्याख्या अधिकाराविषयी बोलते आणि मामांचा अनुभव सामर्थ्याविषयीचा आहे; दोन्ही खरे असू शकतात.

शिवाय त्या जड दारालाही बाहेरून हात लावता येतो. टेडची अट घालणारा अमेरिकी कायदा १९८९ चा. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. ऑक्टोबर १९९८ मध्ये अपील मंडळाने निर्णय दिला की, कासवांचे रक्षण हा हेतू मान्य आहे, परंतु अमेरिकेने तो देशादेशांत अन्यायकारक भेद करून राबवला. अमेरिकेने अंमलबजावणीची पद्धत बदलली, कायदा मात्र टिकला, आणि पुढे मलेशियाने पुन्हा आव्हान दिले तेव्हा बदललेली पद्धत मान्य झाली. म्हणजे जिंकूनही कोळंबीची अडचण मिटली नाही. पण एका महासत्तेला आपला कायदा कसा राबवावा याचा जाब चार विकसनशील देशांसमोर द्यावा लागला, ही गोष्टही लहान नाही.

आता करारांकडे वळू. करार केला की सार्वभौमत्व गेले, ही समजूत फार जुनी आहे आणि तिला उत्तरही शंभर वर्षांपूर्वी मिळालेले आहे. १९२१ मध्ये ‘विम्बल्डन’ नावाचे इंग्रजी जहाज पोलंडसाठी युद्धसाहित्य घेऊन जर्मनीतील कील कालव्यातून जाऊ पाहत होते. जर्मनीने ते अडवले आणि कालवा आपल्या भूमीत असल्याने तो अधिकार आपला आहे, असा युक्तिवाद केला. परंतु व्हर्सायच्या तहात हा कालवा जर्मनीशी शांतता असलेल्या सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुला राहील, असे कलम होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९२३ मध्ये जर्मनीविरुद्ध निकाल देताना म्हटले की, करार करून स्वतःला बांधून घेण्याने राज्य सार्वभौमत्व सोडून देत नाही. तसे बांधून घेता येणे हेच सार्वभौमत्वाचे एक लक्षण आहे. ज्याला सही करण्याचा अधिकारच नाही, त्याला सहीचे ओझेही नाही. तह जर्मनीवर पराभवानंतर लादलेला होता, त्यामुळे या निकालाची चव थोडी कडू लागते, हे मान्य करतो.

दाभोळचे प्रकरण या जातीचे आहे आणि त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने वीजखरेदी करारावर सही केली. मंडळाने पैसे थकवले तर महाराष्ट्र शासनाची हमी, शासनाने थकवले तर केंद्राची प्रतिहमी आणि वाद झाला तर लंडनमध्ये लवाद, अशी ती उतरंड होती. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच होता, आणि दर डॉलरशी बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की अंजनवेलच्या, म्हणजे प्रकल्पाच्या गावच्या, विजेचे बिल चढत असे. जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारले होते, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘बाहेरच्या संस्थांनी आपल्यावर लादले’ हे नेहमीचे वाक्य इथे लागू पडत नाही. कागद आपल्याच लोकांनी वाचला होता. किंवा वाचला नव्हता.

ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या युती सरकारने प्रकल्प रद्द केला. वरवर पाहता सार्वभौम सत्तेचा याहून ठसठशीत वापर दुसरा सापडणार नाही. परंतु कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली, वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या, काही महिन्यांत दुसरा करार ठरला आणि केंद्राच्या प्रतिहमीवर मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या सरकारने मोहोर उठवली. आत्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या उतरंडीत आहे : करार रद्द करण्याचा अधिकार सरकारपाशी होता, पण रद्द केल्यावर नुकसानभरपाई किती द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार त्याने सही करताना आपल्या न्यायालयांच्या बाहेर ठेवला होता.

पुढची हकिगत कोकणात सर्वांना ठाऊक आहे. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, दर परवडेना म्हणून मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, आणि डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली. तरीही सुटका झाली नाही. भागीदार असलेल्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या कंपन्यांनी मॉरिशसमध्ये नोंदवलेल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन दावे लावले. २००५ मध्ये तडजोड झाली आणि एनटीपीसी व गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ उभी करावी लागली. अमेरिकी भांडवल, मॉरिशसचा पत्ता, लंडनचा लवाद आणि खड्डा मात्र गुहागर तालुक्यात, हे जागतिकीकरणाचे चित्र मी वर्गात अनेक वर्षे फळ्यावर काढत असे.

राज्य यातून शिकते का? शिकते, पण सावकाश. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने आपल्या न्यायालयांतील दिरंगाईचे कारण देऊन २०११ मध्ये भारताविरुद्ध लवाद जिंकला, त्यानंतर सरकारला जाग आली. गुंतवणूक करारांच्या नव्या आदर्श मसुद्यात गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे भारतातील न्यायालयांकडे दाद मागावी, अशी अट घातली गेली, आणि २०१६ पासून जुन्या गुंतवणूक करारांपैकी बहुतेक करार भारताने संपुष्टात आणले. सही मागे घेता येते, असे यावरून दिसते. मात्र अशा बहुतेक करारांत शेपटाकडे एक कलम असते, त्यामुळे आधी झालेल्या गुंतवणुकीला करार संपल्यावरही दहा-पंधरा वर्षे संरक्षण राहते.

उत्तर : हर्णै, मच्छीमार सोसायटीचा सचिव

सरांनी जमिनीवरचे सांगितले. मला समुद्रावरचे सांगायचे आहे, कारण ‘अविभाज्य’ हा शब्द पाण्यात पहिल्याच लाटेला फुटतो.

आमच्या बंदरातून निघालेली बोट दोनेक तासांत बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ओलांडते. १९७६ चा आपला कायदा आणि १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी करार या दोन्हींप्रमाणे तिथपर्यंत भारताचे सार्वभौमत्व आहे. तरीही किनाऱ्याच्या शांततेला बाध न आणता जाणाऱ्या परदेशी व्यापारी जहाजाला त्या पाण्यातून जाऊ द्यावे लागते. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत जो पट्टा आहे, त्यात भारताला ‘सार्वभौमत्व’ नाही, ‘सार्वभौम हक्क’ आहेत : मासळी आपली, तळाचे तेल-वायू आपले, परंतु वरून जाण्याचे स्वातंत्र्य सर्वांचे. एका शब्दाचा हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी युद्धनौका ‘जॉन पॉल जोन्स’ लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० मैलांवरून भारताची परवानगी न घेता गेली आणि त्यांच्या सातव्या आरमाराने तसे पत्रक काढून जाहीरही केले, तेव्हा तो फरक किती मोठा आहे ते कळले. भारताने निषेध नोंदवला. ज्या सागरी कराराच्या नावाने अमेरिका हे हक्क बजावते, त्याला तिने स्वतः अजून मान्यता दिलेली नाही, हा भाग निराळाच.

आम्हा मच्छीमारांना याहून जास्त लागलेली गोष्ट केरळची आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ या बोटीवर गोळीबार केला आणि दोन मच्छीमार गेले. केरळ पोलिसांनी दोन नौसैनिकांना अटक केली; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सांगितले की, बारा मैलांच्या पलीकडे केरळ राज्याला अधिकार नाही, तो केंद्राचा आहे; आणि २०२० मध्ये हेगच्या लवादाने सांगितले की, ते दोघे नौसैनिक इटलीच्या सरकारी कामावर असल्यामुळे भारतातील न्यायालयांना त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही, मात्र इटलीने भरपाई द्यावी. १० कोटी रुपये जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये येथील खटला बंद झाला. बोट भारतीय होती, मेलेले भारतीय होते, समुद्र भारताच्या हक्कांचा होता, आणि तरी शिक्षा देण्याचा अधिकार आपला ठरला नाही. याला कोणी कायद्याचे राज्य म्हणेल, पण आमच्या धक्क्यावर अजूनही ते कोणाच्या गळी उतरत नाही.

हे सगळे जागतिकीकरणाने आणले, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीज प्रत्येक व्यापारी गलबताला ‘कार्ताझ’ घ्यायला लावत. ज्याच्याजवळ तो परवाना नाही ते गलबत लुटायला त्यांना मुभा. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक चालू केले, आणि ते न घेणारी इंग्रजी जहाजे धरली म्हणून इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले. मधे जंजिऱ्याचा सिद्दी होताच. एकाच पाण्यावर तिघाचौघांचे परवाने चालत आणि ज्याची आरमारी ताकद त्या हंगामात वरचढ, त्याचा कागद खरा. अविभाज्य सत्ता या पाण्याने तेव्हाही पाहिली नव्हती.

उत्तर : वेंगुर्ला, आंबा बागायतदार

विकिरण केंद्रातील निरीक्षकाबद्दल थोडक्यात लिहितो. २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ उघडली ती याच अटीवर, आणि ही अट आपण डोळे उघडे ठेवून स्वीकारली. २०२० मध्ये करोनामुळे ते निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर निर्यात थांबली आणि २०२२ च्या हंगामात पुन्हा सुरू झाली. अवलंबून असणे म्हणजे काय, ते तेव्हा कळले. परंतु १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, युरोपीय संघाने आपला आंबा आणि त्याबरोबर अळू, वांगी, कारली, पडवळ बंद केले ते फळमाशी सापडली म्हणून, आणि ती आपल्याच पेट्यांत सापडली होती. तपासणी सुधारली, गरम पाण्याची प्रक्रिया आली, आणि पुढच्या हंगामाआधी आंब्यावरील बंदी उठली. आमच्या सभेत काही जण याला राष्ट्राचा अपमान म्हणत होते. माशीला पासपोर्ट लागत नाही, एवढेच मी तेव्हा म्हणालो होतो.

उलट बाजूचेही एक उदाहरण घ्या. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, पण तो कायदा भारतापुरता आहे. परदेशातील दुकानात दुसऱ्याच आंब्याला कोणी ‘अल्फान्सो’ म्हणून विकू लागला, तर त्याला रोखायला त्या देशाच्या कायद्याखाली वेगळे संरक्षण मिळवावे लागते. तेव्हा मात्र आपल्यालाच वाटते की, आपला शिक्का सीमेपलीकडे चालावा.

देवगडची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. अधिकार आणि सामर्थ्य यांतला फरक माझ्या टिपणात अजिबात नव्हता. एक शंका उरते. सरांनी ‘सही मागे घेता येते’ याचे उदाहरण दिले. मुळातच सही नाकारून काही पदरात पडले, असे उदाहरण आहे का? आणि सचिवांनी सांगितलेल्या प्रकरणात केरळ राज्य बाजूला पडले आणि केंद्र पुढे आले, त्याचा सार्वभौमत्वाशी नेमका संबंध काय लावावा?

उत्तर : चिपळूण, वकील

पहिल्या शंकेचे उत्तर होकारार्थी आहे. जुलै २०१४ मध्ये व्यापार सुलभीकरणाच्या कराराला जागतिक व्यापार संघटनेत भारताने अडवले, कारण सरकारी धान्यसाठ्याच्या प्रश्नावर ठोस आश्वासन नव्हते. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणून एकट्या देशाचा नकारही वजनदार ठरतो. भारतावर टीका पुष्कळ झाली, परंतु नोव्हेंबरमध्ये कायमचा तोडगा निघेपर्यंत धान्यसाठ्यावर तक्रार होणार नाही, असे स्पष्टीकरण मिळाले आणि मग करार पुढे गेला. मासेमारीच्या अनुदानांविषयी २०२२ मध्ये जिनिव्हात पहिला करार संमत झाला. उरलेल्या भागाच्या वाटाघाटींत भारताने विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची मुदत मागितली आहे. डिझेलवरील परतावा ज्यांच्या हिशेबाचा भाग आहे, त्या आपल्या मामांना या मागणीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

दुसऱ्या शंकेत खरी मेख आहे, आणि ती थोडी आपल्या भाषेतही आहे. मराठीत ‘राज्य’ हा एकच शब्द आपण भारतासाठीही वापरतो आणि महाराष्ट्रासाठीही. पाठ्यपुस्तकातील सार्वभौम ‘राज्य’ म्हणजे भारत. महाराष्ट्र हे घटक राज्य आहे, ते परराष्ट्राशी करार करू शकत नाही आणि घटनेच्या अनुच्छेद २९३ प्रमाणे त्याला कर्जही भारताच्या हद्दीतच उभारता येते. मासेमारी हा राज्यसूचीतील विषय आहे, पण प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी संघसूचीत आहे. याच्या वर अनुच्छेद २५३ आहे : आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यसूचीतील विषयावरही कायदा करू शकते. परिणामी केंद्राने जिनिव्हात केलेल्या सहीमुळे मुंबईतील विधानसभेचा अधिकार आकसू शकतो, आणि त्या सहीपूर्वी संसदेची मान्यता घेतलीच पाहिजे, असे आपल्या घटनेत कुठेही नाही. करार करणे हे कार्यपालिकेचे काम मानले जाते. जागतिकीकरणाने दिल्लीची सत्ता कमी केली की नाही, यावर वाद होऊ शकतो. दिल्लीच्या आतली कार्यपालिका तिने संसदेच्या आणि घटक राज्यांच्या तुलनेत बळकट केली, हे मात्र मला स्पष्ट दिसते.

प्राध्यापक महोदयांशी माझा मतभेद इथेच आहे. दाभोळचा कागद ‘आपल्याच लोकांनी’ वाचला होता, असे त्यांनी लिहिले आहे. त्या ‘आपल्या’त अंजनवेल आणि वेलदूरची माणसे नव्हती. १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळीवाड्यातील बायकांना पोलिसांनी पहाटे घरातून उचलले, तेव्हा राज्याची दंडशक्ती पूर्ण जागी होती. तिच्यात लंडनचा किंवा वॉशिंग्टनचा अडथळा कोठेही आला नाही. गुंतवणूकदाराला लवाद होता, मॉरिशसचा करार होता, प्रतिहमी होती. कोळ्यांना उच्च न्यायालय होते, पण प्रकल्पाविरुद्धच्या याचिका तिथे टिकल्या नाहीत. प्रकल्पाच्या शेजारी गोपाळगड किल्ला उभा आहे. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, समुद्रकाठी वखारीसाठी जागा देऊ नये, असे मराठेशाहीतील राजनीतीच्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात बजावून ठेवलेले आपण कौतुकाने वाचतो, पण रयतेला विचारून जागा द्यावी, असे सांगणारा उतारा माझ्या वाचनात नाही.

म्हणून आपल्या अभ्यासात सार्वभौमत्वाचे बाहेरचे अंग आणि आतले अंग वेगळे ठेवावे, अशी माझी सूचना आहे. टेडविषयी लिहिताना मामांना हेही विचारावे की, बारा मैलांच्या आत कर्नाटकातील मलपीचे हायस्पीड ट्रॉलर शिरतात, तेव्हा आपल्या शासनाची गस्ती नौका किती वेळात पोहोचते.

देवगडची विद्यार्थिनी

मामांना आत्ताच फोनवर विचारले. ते हसले आणि म्हणाले, “लिहायला जागा पुरणार नाही.” प्रबंधिकेसाठी दाभोळचाच विषय घ्यावा, असे वाटू लागले आहे. १९९३ चा वीजखरेदी करार आणि १९९५-९६ मधील त्याची सुधारित आवृत्ती मूळ स्वरूपात वाचायला कोणत्या ग्रंथालयात मिळेल, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.